फेरेट लटपटतो तेव्हा

सकाळी घरभर हुंदडणारा फेरेट दुपारी एकाएकी शून्यात बघत बसतो. तोंडातून लाळ गळते, पुढच्या पंजांनी तो तोंड खरवडल्यासारखे करतो, आणि उठायला गेला की मागचे पाय साथ देत नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा उठून खातो, खेळतो. पशुवैद्यांच्या टेबलावर ठेवेपर्यंत तर तो अगदी ठणठणीत दिसतो. केसपेपरवर ‘मज्जासंस्थेची लक्षणे, कारण अज्ञात’ असे लिहिले जाते आणि घरचे लोक अधिकच घाबरून परत येतात. यातले ‘अज्ञात’ बहुतेक वेळा खरोखर अज्ञात नसते, असे माझे ठाम मत आहे. त्या क्षणी कोणी काही मोजलेले नसते, म्हणून कारण अंधारात राहते.

हा लेख तमिळनाडूतल्या कुंभकोणमला समोर ठेवून लिहितो आहे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि भातखाचरांच्या या मुलखात हवेतला ओलावाही अंगावर येतो. 1675 मध्ये एकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून या भागात मराठी घरे नांदत आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 मध्ये याच कुंभकोणमला जन्मले. अशा गावातला पशुवैद्य गाई, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री रोज बघतो. फेरेट त्याच्यासमोर क्वचितच येतो. त्यात त्याचा काही दोष नाही. पण त्यामुळे प्राणी सांभाळणाऱ्याची जबाबदारी वाढते. त्याने डोळ्यांनी पाहिलेले नीट टिपून नेले, तर फेरेट आयुष्यात न पाहिलेला डॉक्टरही योग्य दिशेने विचार करू शकतो.

टिपून ठेवण्याची ही रीत या भागाला नवी नाही. कुंभकोणमहून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ 1798 ते 1832) यांनी ते नावारूपाला आणले. त्यांनी धन्वंतरी महाल ही औषधशाळाही चालवली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्या काळात चित्रांसह ठेवल्या गेल्या: रुग्ण कोण, तक्रार काय, उपाय कोणता केला, पुढे काय झाले. गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांच्या पोथ्याही त्या ग्रंथालयात आहेत. हत्ती आणि घोडा राज्याच्या कामाचे, म्हणून त्यांच्यावर ग्रंथ झाले. किलोभर वजनाच्या मांसाहारी पाळीव जिवावर ते होण्याचे कारण नव्हते. पण आजार नजरेसमोर असताना तो कागदावर उतरवायची पद्धत मात्र तिथून जशीच्या तशी उचलता येते. आज चित्राऐवजी मोबाइलचा व्हिडिओ आहे, एवढाच फरक.

फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट या प्राण्याची माणसाळलेली जात. सशांची बिळे धुंडाळण्यासाठी तो दोन हजारांहून अधिक वर्षे पाळला गेला. अनोळखी माणूस त्याला मुंगूस समजतो, पण मुंगसाशी त्याचे जवळचे नाते नाही. आपल्या नद्यांमधली ऊद, म्हणजे पाणमांजर, ही त्याच्या कुळातली. मादी पाऊण किलोच्या आसपास, नर एक ते दोन किलो. आयुष्य साधारण सहा ते आठ वर्षे. आतडे इतके आखूड की खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. पुढे येणाऱ्या अनेक गोष्टींचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

घाबरण्याआधी काही गोष्टी ओळखून ठेवाव्यात. फेरेट दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतो, आणि ती झोप कधीकधी इतकी गाढ असते की उचलून हलवले तरी तो जागा होत नाही. मान लटकते, अंग सैल पडते. नव्या माणसाला वाटते की गेलाच. झोपेतून उठताना तो थरथरतो, त्यातही काही वावगे नाही. आनंदात असला की पाठीची कमान करून, तोंड उघडे ठेवून तो आडव्या उड्या मारतो आणि भिंतीवर आपटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती फिट वाटते. खऱ्या फिटमध्ये तो हाकेला दाद देत नाही, पाय ताठ होऊन झटके येतात, लघवी किंवा शी होऊन जाते आणि नंतर बराच वेळ तो गोंधळलेला राहतो. आनंदाच्या उड्यांनंतर मात्र तो तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा खेळायला बोलावतो.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मागचे पाय लटपटले की पहिला विचार मणक्याचा येतो. फेरेटमध्ये मात्र तो पहिला विचार नसावा. या प्राण्यात अशक्तपणा कुठलाही असो, तो आधी मागच्या पायांतच उतरतो. हृदय थकले, रक्त कमी झाले, ताप आला, पोटात रबराचा तुकडा अडकला, तरी चित्र जवळपास एकच दिसते. म्हणून मेंदू आणि मज्जारज्जूच्या महागड्या तपासण्यांचा विचार करण्याआधी रक्तातली साखर बघावी.

तीन वर्षांपुढच्या फेरेटांमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणाऱ्या बारीक गाठी होणे फार आढळते. या आजाराला इन्सुलिनोमा म्हणतात. माणसाच्या मधुमेहाच्या नेमके उलटे इथे घडते. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटते, साखर खाली जाते आणि मेंदूला इंधन पुरत नाही. शून्यात बघणे, लाळ, तोंड खरवडणे, पाय गळणे आणि शेवटी फिट, ही सगळी त्या उपासमारीची लक्षणे. काही वेळाने शरीर साठवणीतली साखर काढते आणि प्राणी सावरतो. येण्या-जाण्याचा हा खेळ त्यामुळेच चालतो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही दिसत नाही तेही त्यामुळेच. निरोगी फेरेटची उपाशीपोटीची साखर साधारण दर डेसिलिटरला 90 ते 120 मिलिग्रॅम असते, आणि 60 ते 70 च्या खाली आली की संशय बळावतो. तपासणीसाठी तीन-चार तासांचा उपास पुरतो. रात्रभर उपाशी ठेवणे धोक्याचे. माणसांसाठीचे घरगुती ग्लुकोमीटर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवते, त्यामुळे त्यावरचा कमी आकडा प्रयोगशाळेतून पडताळून घ्यावा. पण लक्षण दिसत असताना घरी घेतलेला आकडा, वेळेसकट लिहिलेला, डॉक्टरांना फार मोलाचा वाटतो.

अशा वेळी घरी काय करायचे? शुद्धीवर असला तर हिरड्यांवर थोडा मध किंवा साखरेचा पाक चोळावा. फिट चालू असताना बोट तोंडात घालू नये, तो कडकडून चावेल. कापसाच्या काडीने ओठांच्या आतल्या बाजूला पुसले तरी चालते. सावरला की लगेच मांसाचे काहीतरी खायला द्यावे. नुसत्या गोडावर सोडला तर ती साखर गाठींना आणखी इन्सुलिन सोडायला लावते आणि तासाभरात तो पुन्हा कोसळतो. म्हणूनच या आजारात रोजच्या खाण्यातून केळे, मनुका, बिस्किट, दुधातली साखर पूर्ण बंद करावी लागते. दर तीन-चार तासांनी मांसाहार, त्याला प्रेडनिसोलोनची जोड, काहींना डायझॉक्साइड, आणि शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया, असा उपचार असतो. गाठी बहुधा पुन्हा होतात. तरी योग्य सांभाळ झाला तर बरेच महिने, कधी वर्षाहून जास्त, चांगले जातात.

मांसाहाराचा मुद्दा कुंभकोणममधल्या मराठी ब्राह्मणी घरांत अडचणीचा ठरतो, हे मला कळते. जिथे अंडेही येत नाही तिथे कोंबडीचे काळीज कुठून येणार? पण दहीभातावर, तूप-वरणावर फेरेट जगत नाही. घराचा आचार मोडायचा नसेल तर मांस भरपूर असलेले मांजराच्या पिल्लांचे तयार खाद्य निदान आणता येते. तेही जमणार नसेल तर हा प्राणी त्या घरात आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

मांसाहारी घरांत धोका वेगळा असतो. मासे मुबलक आहेत म्हणून रोज कच्चे मासे घातले जातात. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चास्टेक यांच्या कोल्हेपालन केंद्रावर कोल्हे लुळे पडून मरू लागले. त्यांना कच्चे मासे दिले जात होते. कार्प आणि इतर काही माशांत थायामिनेज नावाचे विकर असते, ते ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करते, आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय मेंदू नीट चालत नाही. या रोगाला आजही चास्टेक पॅरालिसिस म्हणतात. मिंक आणि फेरेटही त्याला बळी पडतात. मासे शिजवले की ते विकर निकामी होते. आहाराचा इतिहास असा असेल तर ब-1 चे इंजेक्शन लगेच देऊन बघण्यात काही तोटा नाही. औषध स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि कारण तेच असेल तर बहुधा एक-दोन दिवसांतच फरक दिसतो. हे इंजेक्शन कुठल्याही गावातल्या पशुवैद्याकडे मिळते.

मग उष्मा. फेरेटला घामाने अंग थंड करता येत नाही. 27 अंशांच्या पुढे तो अस्वस्थ होतो, 32 च्या पुढे जिवाला धोका. म्हणजे कुंभकोणमच्या बहुतेक दुपारी त्याच्या सहनशक्तीबाहेरच्या. धाप, चिकट लाळ, झोकांड्या, मग फिट आणि बेशुद्धी. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघावा. 38 ते 40 अंश सेल्सिअस हे त्याचे नेहमीचे तापमान, त्यापुढे गेले तर कोमट-थंड पाण्याने पाय आणि पोट ओले करून पंख्याखाली ठेवावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. वातानुकूलन असलेली खोली हवी, आणि वीज गेली तर कापडात गुंडाळायला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तयार हव्यात.

मादीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले आहेत का? फेरेटची मादी माजावर आली की नराशी संबंध येईपर्यंत माजावरच राहते. आठवड्यामागून आठवडे इस्ट्रोजेन वाढलेले राहिले तर अस्थिमज्जा रक्त बनवणे थांबवते. मादी पांढरी फटक पडते, रक्त गोठत नाही, आणि कधी मज्जारज्जूभोवती रक्तस्राव होऊन मागचे पाय जातात. वरून सगळे मणक्याच्या दुखण्यासारखे दिसते, खरे कारण बीजकोशात असते. हिरड्यांचा रंग आणि सुजलेला योनिभाग एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तरी कारणाचा अंदाज येतो.

विषबाधेची यादी मोठी आहे. शेतीच्या मुलखात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड ठेवलेले असते, फवारणीची औषधे ओसरीत असतात, गोचिडांसाठी कुत्र्यावर लावलेले औषध असते. पण सर्वांत जास्त सावध करावेसे वाटते ते आयबुप्रोफेनबद्दल. घरात डोकेदुखी-पाठदुखीसाठी असलेली 200 मिलिग्रॅमची एकच गोळी फेरेटच्या जिवावर बेतू शकते. आधी झोकांड्या, मग गुंगी, मग बेशुद्धी. फेरेट लंगडतो म्हणून प्रेमापोटी ती दिली जाते, किंवा तो स्वतःच पाकीट कुरतडतो.

कारणे ही अशी पसरलेली आहेत, म्हणून डॉक्टर ‘कुठे बिघडले’ हे आधी शोधतात आणि ‘काय बिघडले’ ते नंतर. फिट आणि स्वभावातला बदल मेंदूकडे बोट दाखवतो. मान एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, बुबुळे आडवी फडफडणे हे आतल्या कानाचे किंवा मेंदूच्या मागच्या भागाचे. पुढचे पाय धड आणि मागचे ओढत असेल तर पाठीचा मज्जारज्जू. चारही पाय सैल पडून आवाजही बदलला तर नसा किंवा स्नायू. एक साधी परीक्षा आहे. प्राण्याला आधार देऊन उभे करायचे आणि मागचा पंजा उलटा टेकवायचा. निरोगी प्राणी तत्क्षणी तो सरळ करतो. उलटाच ठेवला, तर ‘पाय कुठे आहे’ हा निरोप वर पोहोचत नाही. नुसत्या अशक्तपणात पंजा बहुधा सरळ होतो. साखर आणि मज्जारज्जू यांतला फरक ओळखायला ही परीक्षा उपयोगी पडते. गरज पडल्यास एक्स-रे, सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्यांसाठी तंजावर जिल्ह्यातच ओरत्तनाडला तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, ते 2012 मध्ये सुरू झाले.

दोन विषाणूंविषयी सविस्तर सांगायला हवे. पहिला डिस्टेंपर. कुत्र्यांचा हा रोग फेरेटला झाला तर तो जवळजवळ कधीच वाचत नाही. लागण झाल्यावर सात ते दहा दिवसांनी ताप, डोळ्या-नाकातून स्राव, हनुवटीखाली आणि जांघेत पुरळ, तळव्यांची कातडी जाड होणे, आणि मग फिट. फेरेट या विषाणूला इतका हळवा आहे, हे 1926 मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथे लेडलॉ आणि डंकिन यांनी दाखवले. कुत्र्यांसाठी लस बनवण्याच्या त्या कामाला ‘द फील्ड’ या नियतकालिकाच्या वाचकांनी वर्गणी दिली होती. तिथेच 1933 मध्ये माणसाच्या घशातले फ्लूचे द्रव्य फेरेटच्या नाकात टाकून माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा केला गेला. माणसाच्या वैद्यकावर या लहानशा प्राण्याचे केवढे ऋण आहे! आणि घरात कोणाला फ्लू झाला तर तो फेरेटला लागतो, हेही त्यातूनच कळले.

डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांपुरता थांबत नाही. 2018 मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत 23 सिंह मेले, तेव्हा त्यांच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ओळखला. फेरेट पाळणाऱ्याने यातून लक्षात घ्यायचे ते रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी. फेरेट घराबाहेर पडला नाही तरी विषाणू माणसाच्या हातांवरून, कपड्यांवरून येऊ शकतो. लस हवीच, पण कुत्र्याची जिवंत विषाणूची लस फेरेटला सरसकट टोचता येत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दुर्मीळ अशा काळ्या पायांच्या फेरेटांना वाचवण्यासाठी अशी लस दिली गेली. सहापैकी चार त्या लसीतल्याच विषाणूने मेले. म्हणून कोणती लस, कशावर वाढवलेली, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

दुसरा विषाणू रेबीजचा. भारतात अचानक स्वभाव बदललेल्या, लुळ्या पडलेल्या, गिळता न येणाऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याबाबत हा विचार पहिल्याच दिवशी मनात आणावा, विशेषतः त्याला कुत्रा, मांजर किंवा मुंगूस चावले असण्याची शक्यता असेल तर. फेरेटला मृत विषाणूची रेबीज लस दरवर्षी देता येते. लक्षणे असलेला प्राणी चावला, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्या-मांजरासाठीचा दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम अमेरिकेत फेरेटलाही लावतात, पण त्या भरवशावर लस पुढे ढकलू नये. 1907 पासून तमिळनाडूतच कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी आहे ती याच रोगापायी.

एवढे करूनही काही फेरेटांच्या आजाराला नाव मिळत नाही. मज्जारज्जूतली लहान गाठ, स्नायूंचा दाह, अ‍ॅल्युशियन रोगाचा विषाणू, यांचा छडा लहान गावात लागत नाही, कधी मोठ्या शहरातही लागत नाही. पण शुश्रूषेला नावाची वाट बघावी लागत नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई टाकावी. झुले, जिने, उंच कप्पे काढून टाकावेत. शीच्या ट्रेची एक कड कापून बुटकी करावी. पाय पूर्ण गेले असतील तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, पोटाखालचे ओले कापड लगेच काढावे, कारण लघवीने कातडी सोलवटते. मूत्राशय आपोआप रिकामे होत नसेल तर ते हलकेच दाबून रिकामे कसे करायचे, हे डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकून घ्यावे. कोंबडीचा शिजवलेला खिमा पातळ करून सिरिंजने ओठाच्या कडेने, थोडा थोडा, गिळू देत देत द्यावा. तो बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडाने काहीच देऊ नये.

आणि वही ठेवावी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन. किलोभराच्या प्राण्यात पन्नास ग्रॅमची घट म्हणजे बरेच काही. काय खाल्ले, केव्हा. झटका किती वाजता, खाण्यानंतर किती वेळाने, किती मिनिटे चालला. खोलीचे तापमान. औषध केव्हा दिले. झटक्याचा व्हिडिओ, त्यात डोळे आणि चारही पाय दिसतील असा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट, किंवा एकामागून एक येणाऱ्या फिट, यात वही बाजूला ठेवून थेट दवाखान्यात पळावे. एरवी दोन आठवड्यांची अशी नोंद बहुतेक वेळा स्वतःच बोलू लागते. झटके उपाशीपोटी येतात की दुपारच्या उन्हात, मासे दिल्यानंतरच्या आठवड्यात की कुठल्याही वेळी, हे एका पानावर दिसते.

खाणे सुटले, वेदना औषधाने थांबेनात, फिट आवरेनात, तर शांत मरण देण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. तो निर्णय घेणे क्रूरपणाचे नाही. आणि प्राणी गेल्यावर, मन घट्ट करून, शवविच्छेदनाला संमती द्यावी. मज्जासंस्थेच्या कितीतरी आजारांचे उत्तर मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या काचपट्टीवरच मिळते. घरात दुसरा फेरेट किंवा कुत्रा असेल, कोणी चावले गेले असेल, तर ते उत्तर त्यांच्यासाठी लागते, आणि रेबीजची खात्री तर मेंदूच्या तपासणीनेच होते. अशा वेळी हातमोजे घालून देह दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करावा आणि डॉक्टरांना कळवावे. पोहोचवायला वेळ लागणार असेल तर भोवती बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात, पण डीप फ्रीझरमध्ये गोठवू नये. गोठताना पेशींत बर्फाचे कण तयार होतात, मेंदूचे नाजूक ऊतक फाटते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मग काही वाचता येत नाही.